कार्बन नॅनोट्यूब: बनवणं, शुद्ध करणं आणि त्यांवरच्या रासायनिक क्रिया – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागातले एमएस्सी-पीएचडीचे विद्यार्थी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले चादर-टॉवेलवाले यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तर एकदाच दिलं आहे. दुसरीकडे लागलं तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दिलेली प्रमाणं लॅबमधल्या छोट्या बॅचसाठी आहेत. दहापट करायची असतील तर उष्णतेचा आणि वायूचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

१. नॅनोट्यूब म्हणजे नेमकं काय? काजळीच की!

दोन्ही कार्बनच, पण रचना वेगळी. काजळीत ग्राफाइटचे बारीक तुकडे कसेही अस्ताव्यस्त पडलेले असतात. नॅनोट्यूबमध्ये ग्राफाइटचा एक अणूजाड थर अखंड गुंडाळलेला असतो. एकच थर असेल तर एकपदरी. तिचा व्यास साधारण ०.७ ते २ नॅनोमीटर. एकात एक अनेक थर असतील तर बहुपदरी. व्यास ५ ते ५० नॅनोमीटर आणि दोन थरांतलं अंतर सुमारे ०.३४ नॅनोमीटर. लांबी मात्र मायक्रॉनमध्ये, कधी मिलिमीटरमध्येही.

चौकड्यांची चादर सरळ गुंडाळली की चौकडी काठाला जुळते, तिरकी गुंडाळली की नक्षी पिळासारखी फिरत जाते. इथेही गुंडाळण्याचा कोन महत्त्वाचा, आणि तो दोन आकड्यांनी सांगतात. त्या दोन आकड्यांच्या फरकाला ३ ने नि:शेष भाग गेला तर नळी धातूसारखी वागते, नाही तर अर्धवाहक. म्हणून कोणतीही निवड न करता बनवलेल्या एकपदरी मालात साधारण एक तृतीयांश धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक नळ्या निघतात.

सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये बहुपदरी नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि विषयाला वेग आला. १९९३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे एकपदरी नळ्या दाखवल्या. मात्र पोकळ कार्बन तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं सोव्हिएत संशोधकांनी १९५२ मध्येच छापली होती. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हे आवर्जून लिहा.

२. सुरुवात एकपदरीपासून करावी की बहुपदरीपासून?

बहुपदरीपासून. बनवायला सोप्या, स्वस्त, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या थरावर रासायनिक क्रिया करून तो बिघडला तरी आतले थर वीज वाहून नेतात. एकपदरीत एकच थर. तिथे बसवलेला प्रत्येक ग्रुप (अणुगट) थेट विद्युत गुणधर्मावर घाव घालतो. ट्रान्झिस्टर किंवा प्रकाशीय संवेदक करायचा असेल तरच एकपदरीकडे वळा.

३. बनवायच्या पद्धती कोणत्या, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये काय जमेल?

आर्क डिस्चार्जमध्ये दोन ग्राफाइट कांड्यांमध्ये सुमारे १ मिलिमीटर अंतर ठेवून, हीलियमच्या अंदाजे ५०० टॉर दाबाखाली ५० ते १०० अँपिअर प्रवाह देतात. नळ्या सरळ आणि कमी दोषांच्या मिळतात, पण सोबत काजळीही भरपूर. लेझर पद्धतीत १२०० °से.च्या भट्टीत ग्राफाइटवर लेझरचे झटके मारतात. माल उत्तम, खर्च अवाच्या सवा.

आपल्याला झेपते ती सीव्हीडी, म्हणजे तापलेल्या धातूकणांवर (उत्प्रेरकावर) हायड्रोकार्बन वायू तोडणं. बहुपदरीसाठी ६०० ते ९०० °से., एकपदरीसाठी साधारण ८०० ते १००० °से. एक नळीची भट्टी, क्वार्ट्झची नळी, दोन-तीन वायूंच्या लाइनी आणि शेवटी बबलर (वायू तेलातून बाहेर सोडणारी बाटली), एवढ्यात काम चालतं.

४. उत्प्रेरक कसा बनवायचा? नेमकी प्रमाणं सांगा.

मॅग्नेशियम ऑक्साइडवर ५ टक्के लोखंड, १० ग्रॅमची बॅच:

फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट ३.६२ ग्रॅम (यात ०.५ ग्रॅम लोखंड असतं) थोड्या डीआय (आयनमुक्त) पाण्यात विरघळवा. त्यात ९.५ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड घालून तासभर ढवळा, १०० °से.ला कोरडं करा, खलात बारीक करा आणि ५०० °से.ला ४ तास भाजा. भाजताना नायट्रोजन ऑक्साइडचा तपकिरी धूर निघतो, त्यामुळे भट्टी धुराच्या हूडखालीच हवी.

आधार म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडच का? नंतर साध्या हायड्रोक्लोरिक ॲसिडात तो पूर्ण विरघळून जातो. सिलिका घेतली तर हायड्रोफ्लोरिक ॲसिडाची वेळ येते, आणि त्या ॲसिडाच्या वाटेला विद्यार्थ्याने जाऊच नये.

इथे बॅच बिघडते ती बहुधा वजनात. फेरिक नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या बाटलीतले जांभळट खडे चिकट होतात, आणि मोजलेल्या ३.६२ ग्रॅममध्ये लोखंड कमी, पाणी जास्त भरतं. बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा. खडे ओले दिसत असतील तर नवी बाटली फोडा.

५. भट्टीतला क्रम काय ठेवायचा?

४५ मिलिमीटर व्यासाच्या क्वार्ट्झ नळीसाठी सुरुवातीची सेटिंग:

१. अल्युमिना बोटीत ०.२ ग्रॅम उत्प्रेरक पातळ पसरा. ढीग केला तर खालचा उत्प्रेरक वायूला भेटतच नाही.
२. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा.
३. आर्गॉन मिनिटाला ३०० मिलि, किमान २० मिनिटं. नळीतली हवा पूर्ण निघाल्याशिवाय तापमान चढवू नका.
४. मिनिटाला १० °से. वेगाने ७०० °से.पर्यंत जा.
५. आर्गॉन तसाच ठेवून ॲसिटिलीन मिनिटाला ३० मिलि, ३० मिनिटं.
६. ॲसिटिलीन बंद. आर्गॉन चालूच ठेवून भट्टी थंड करा. १५० °से.च्या खाली आल्याशिवाय नळी उघडू नका. आतली बारीक लोखंडी कणांची पूड गरम असताना हवा लागली की पेट घेते.

उत्पन्न काढायचं ते असं: मिळालेलं एकूण वजन वजा उत्प्रेरकाचं वजन, भागिले उत्प्रेरकाचं वजन, गुणिले शंभर. मात्र उत्प्रेरक आधी रिकामा तापवून त्याची स्वतःची वजनघट मोजून घ्या, नाही तर आकडा चुकतो.

ॲसिटिलीनबद्दल दोन गोष्टी जिवाच्या आहेत. तांब्याची लाइन किंवा तांबं जास्त असलेलं पितळी फिटिंग वापरू नका. तांब्याचा ॲसिटिलाइड स्फोटक असतो. आणि सिलिंडरमध्ये हा वायू ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. सिलिंडर रिकामा होत आला की ॲसिटोनची वाफ जास्त येऊ लागते, त्यामुळे काल चांगली आलेली कृती आज बिघडते. सक्रिय कोळशाचा ट्रॅप लावा आणि सिलिंडर तळापर्यंत वापरू नका.

नळीच्या थंड टोकाला जमणारं तपकिरी चिकट तेल म्हणजे पॉलिअरोमॅटिक हायड्रोकार्बन. ते कर्करोगकारक गटातलं आहे. हूडमध्ये, हातमोजे घालून टोल्युइनने पुसा. फार येत असेल तर ॲसिटिलीन जास्त सुटलेला आहे किंवा तापमान जास्त आहे.

६. ॲसिटिलीनऐवजी कापूर, फेरोसीन किंवा घरगुती गॅस चालेल का?

कापूर चालतो, आणि चांगला चालतो. कापरापासून नॅनोट्यूब बनवण्याचं बरंच मूळ काम भारतीय संशोधकांनी केलं आहे. कापराच्या रेणूत दहा कार्बन अणू आणि एक ऑक्सिजन अणू असतो. हा ऑक्सिजन बनतानाच थोडी काजळी जाळून टाकायला मदत करतो, असं मानलं जातं. दोन भागांची भट्टी घ्या: पहिल्या भागात २०० ते २५० °से.ला कापराची वाफ करा, दुसऱ्या भागात ८०० ते ९०० °से. कापरात वजनाच्या १ ते ५ टक्के फेरोसीन (लोखंड असलेलं सेंद्रिय संयुग) मिसळलं की वेगळा उत्प्रेरक लागत नाही.

पूजेच्या वड्या वापरायच्या असतील तर आधी तपासा. हूडमध्ये वॉटर बाथवर चिनी मातीच्या वाटीत १ ग्रॅम ठेवा; निव्वळ कापूर उडून जातो, मागे राहिली ती भर. भीमसेनी कापूर मुळात बोर्निओल असतो, रेणू वेगळा. त्याचे निकाल कापराच्या निकालांत मिसळू नका.

फेरोसीन-टोल्युइनची पद्धतही सोपी आहे: मिलिलीटरला २० मिग्रॅ फेरोसीन, सिरिंज पंपाने तासाला ५ मिलि, वाफ करायचा भाग सुमारे २०० °से., भट्टी ७५० ते ८०० °से. टोल्युइन आत जाण्याआधी गरम सुईतच उडून गेलं तर फेरोसीन सुईत बसतं आणि ती तुंबते. सुईचं टोक किती आत ठेवायचं, ते रिकाम्या चाचणीत तापमान मोजून ठरवा.

घरगुती सिलिंडर लॅबमध्ये आणू नका. नियमात बसत नाही, आणि वासासाठी घातलेल्या गंधकयुक्त संयुगाचं प्रमाण आपल्या हातात नसतं. गंधक किंचित असेल तर वाढीला मदत करतं, जास्त झालं तर उत्प्रेरक मारतं.

७. मध्येच लाइट गेली तर?

ॲसिटिलीन ताबडतोब हाताने बंद करा. नंतर आर्गॉनकडे पाहा. बरेच मास फ्लो कंट्रोलर (वायूचा प्रवाह नेमून देणारी विजेवरची उपकरणं) वीज गेली की आपोआप बंद होतात, म्हणजे आर्गॉनही थांबतो. भट्टी थंड होते, आतला वायू आकुंचन पावतो, बबलरमधलं तेल उलटं नळीत ओढलं जातं आणि मागोमाग हवा. ७०० °से.ला आत हवा शिरली की माल जळून बोटीत तांबूस पूड उरते, आणि ॲसिटिलीन शिल्लक असेल तर स्फोटही होऊ शकतो.

उपाय स्वस्त आहे: आर्गॉनला कंट्रोलर टाळून जाणारी रोटामीटरची समांतर लाइन ठेवा, जी हाताने उघडता येते, आणि बबलरच्या आधी एक रिकामी बाटली जोडा. ॲसिटिलीनला मात्र वीज गेली की बंद होणाराच व्हॉल्व्ह हवा. उन्हाळ्यात लोडशेडिंगची वेळ माहीत असली तरी एवढी तयारी असल्याशिवाय भट्टी लावू नये.

८. काळी पूड मिळाली. त्यात नॅनोट्यूब किती, काजळी किती?

एका तपासणीवर विसंबू नका.

रामन वर्णपटात डी बँड (दोषांचा) १३५० आणि जी बँड (ग्राफाइटसारख्या रचनेचा) १५८० प्रति सेंमीच्या आसपास येतो. एकपदरी असेल तर १०० ते ३०० मध्ये ब्रीदिंग मोड (नळी फुगण्या-आकसण्याचं कंपन) दिसतो. २४८ ला त्या आकड्याने भागलं की व्यास नॅनोमीटरमध्ये अंदाजे मिळतो. फक्त डी आणि जी बँड दिसले म्हणून नॅनोट्यूब सिद्ध होत नाहीत. काजळीतही ते येतात.

टीजीए (तापवत जाऊन वजनघट मोजणं) हवेत, मिनिटाला १० °से. काजळी ३०० ते ४०० मध्ये जळते, बहुपदरी नळ्या साधारण ५०० ते ६५० मध्ये. शेवटी उरलेली तांबूस राख म्हणजे फेरिक ऑक्साइड, धातू नव्हे. लोखंड काढायला ती ०.७० ने गुणा. मॅग्नेशियम ऑक्साइड अजून काढलेला नसेल तर तोही राखेत असतो, हे विसरलं जातं आणि लोखंडाचा आकडा भलताच फुगतो.

टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आयआयटी मुंबईच्या सॅफ या उपकरण केंद्रात नमुना पाठवता येतो. इथूनच आयसोप्रोपेनॉलमध्ये थोडा वेळ सॉनिकेट (अल्ट्रासाउंडने हलवून मोकळं) करून लेसी कार्बन ग्रिडवर थेंब टाकून पाठवा. अखंड कार्बन थराच्या ग्रिडवर बारीक नळ्या पार्श्वभूमीतच हरवतात.

९. शुद्ध कसं करायचं?

दोन टप्पे: काजळी हवेत जाळणं, धातू ॲसिडात विरघळवणं.

बहुपदरीसाठी पसरट बोटीत, हवेत ४०० °से.ला ३० मिनिटं. मग ३ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड, ६०–७० °से., ४ ते ६ तास. मूळ उत्प्रेरकाच्या प्रत्येक ग्रॅममधला मॅग्नेशियम ऑक्साइड विरघळायलाच सुमारे १६ मिलि ॲसिड लागतं, म्हणून ५० मिलि घ्या. द्रव पिवळा झाला की लोखंड निघतंय. गाळा आणि धुवा, पाणी उदासीन होईपर्यंत.

लोखंड कार्बनच्या जळण्यालाही उत्प्रेरक आहे. बारीक एकपदरी नळ्यांत लोखंड जास्त असताना थेट ४०० °से. दिले तर नळ्याच जळतात. त्यांच्यासाठी आधी २२५ °से.ला दमट हवा, मग ॲसिड, मग ३२५ °से., परत ॲसिड, अशा पायऱ्या लागतात. कार्बनच्या कवचात बंद झालेलं लोखंड ॲसिडाला सापडत नाही. कवच तोडायला पुन्हा थोडं ऑक्सिडेशन हवं.

१०. नळ्या शुद्ध मिळाल्या तर त्यांवर रासायनिक क्रिया करायचीच कशाला?

कारण त्या एकमेकींना सोडत नाहीत. शेजारी चिकटलेल्या दोन एकपदरी नळ्यांचं आकर्षण लांबीच्या दर नॅनोमीटरला सुमारे ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतं. पाण्यात, रेझिनमध्ये किंवा पॉलिमरमध्ये त्या गुठळ्याच करतात.

मार्ग दोन. सहसंयुज जोड: भिंतीवर किंवा टोकाला ग्रुप पक्का बसतो, पण त्या जागी भिंतीची रचना मोडते आणि वाहकता घटते. सहसंयुज नसलेला जोड: साबण, पायरिन किंवा पॉलिमर नुसता चिकटून बसतो, भिंत शाबूत राहते, पण धुताना निघू शकतो. पहिला प्रश्न कायम हाच विचारा, की हा माल कुठे वापरायचा आहे? वाहकता हवी असेल तर प्रश्न १६ कडे जा. इपॉक्सीत ताकद हवी असेल, प्रथिन जोडायचं असेल, तर प्रश्न ११ पासून पुढे वाचा. ‘सगळे करतात म्हणून’ कार्बोक्सिल (-COOH) ग्रुप बसवायचे, याने बरेच चांगले नमुने वाया जातात.

११. कार्बोक्सिल बसवायची सल्फ्युरिक-नायट्रिकची खात्रीची कृती द्या.

शुद्ध केलेल्या ०.५ ग्रॅम बहुपदरी नळ्यांसाठी:

बर्फात ठेवलेल्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये १० मिलि ७० टक्के नायट्रिक ॲसिड घ्या. त्यात ३० मिलि ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबाने, ढवळत घाला. थंड झाल्यावर नळ्या घाला. कंडेन्सर लावून ५० ते ६० °से., बाथ सॉनिकेटर किंवा ढवळणी, ३ ते ४ तास. मग थंड करून संपूर्ण मिश्रण ५०० मिलि बर्फाच्या डीआय पाण्यात हळूहळू ओता. पाणी ॲसिडात नको, ॲसिड पाण्यात. रात्रभर बसू द्या, वरचं निथळून काढा, ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) मेंब्रेनवर गाळा. धुण्याबद्दल प्रश्न १२ पाहा. नायलॉनचं मेंब्रेन ॲसिडात टिकत नाही.

तपकिरी धूर येतो म्हणून हूड आणि सोड्याचा स्क्रबर दोन्ही हवेत. या फ्लास्कला ॲसिटोन लावू नका, कितीही घाई असली तरी. लॅबमध्ये काचेचं सामान शेवटी ॲसिटोनने खंगाळायची सवय असते. नायट्रिक ॲसिडाचे अवशेष आणि ॲसिटोन मिळाले की स्फोट होतो. आधी भरपूर पाणी.

१२. धुताना शेवटी मेंब्रेन तुंबतं, किंवा गाळलेलं पाणीच करडं येतं. चुकलं कुठे?

चुकलेलं नाही, क्रिया झाल्याचीच ही खूण आहे. पीएच कमी असताना कार्बोक्सिल ग्रुपवर भार नसतो आणि नळ्या एकत्र बसतात. पीएच ५ च्या वर गेला की ग्रुप ऋणभारित होतात, नळ्या एकमेकींना ढकलतात, काही मेंब्रेनमधून निसटतात, उरलेल्या दाट थर करून छिद्रं बुजवतात.

शेवटची दोन-तीन धुणी हायड्रोक्लोरिक ॲसिडाने पीएच ३ केलेल्या पाण्याने करा. अगदी उदासीन हवं असेल तर डायलिसिस पिशवीत भरून दोन-तीन दिवस डीआय पाणी बदलत राहा. बोअरचं पाणी इथे चुकूनही नको. कॅल्शियमचे आयन दोन कार्बोक्सिल ग्रुपना जोडतात आणि चांगलं पसरलेलं डिस्पर्शन दही लागल्यासारखं बसतं.

वाळवताना ८० °से.च्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये खडे होतात, ते नीट परत पसरत नाहीत. लायोफिलायझर (गोठवून वाळवणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर पूर्ण वाळवूच नका. ओला लगदा ठेवा आणि त्यातलं घन प्रमाण एका छोट्या भागावर मोजून बाटलीवर लिहा.

१३. चार तासांऐवजी चोवीस तास ठेवलं तर जास्त ग्रुप बसतील ना?

आकडा वाढेल, पण तो नळीवरच असेल असं नाही. जास्त वेळ ऑक्सिडेशन केलं की नळ्या कापल्या जातात, भिंत सोलली जाते आणि कार्बोक्सिलने भरलेले छोटे तुकडे तयार होतात. ते नळीला नुसते चिकटून राहतात. एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) छान दिसतो, टायट्रेशन छान येतं, पुढे अमाइन जोडलं तर तेही त्या तुकड्यांनाच बसतं आणि धुताना निघून जातं.

तपासायची रीत: नमुना ०.०१ ते ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर गरम करून गाळा. गाळलेला द्रव पिवळट-तपकिरी आला तर हे तुकडे निघाले. द्रव रंगहीन होईपर्यंत धुवा, नंतर ॲसिडाने ग्रुप परत हायड्रोजन रूपात आणा, आणि मगच मोजमाप करा. नळ्यांवरच्या रसायनक्रियेत धुणं हे निम्म्याहून जास्त काम आहे, आणि शोधनिबंधांत त्यालाच एक ओळ मिळते.

१४. कार्बोक्सिल बसले. आता अमाइन कसं जोडू, आणि किती घेऊ?

आधी कार्बोक्सिल मोजा. समजा वजनाने ३ टक्के आले, तर ते ग्रॅमला ०.६७ मिलिमोल. १०० मिग्रॅ नळ्यांत ०.०६७ मिलिमोल. दहापट घ्यायचं तर ईडीसी हायड्रोक्लोराइड १२८ मिग्रॅ आणि एनएचएस ७७ मिग्रॅ (ही दोन रसायनं कार्बोक्सिलला अमाइन जोडण्यासाठी तयार करतात).

पाण्यातली पद्धत: ०.१ मोलर एमईएस बफर, पीएच ५.५ ते ६. ईडीसी, एनएचएस घालून ३० मिनिटं. पटकन गाळून धुवा. मग पीएच ७.२ ते ८ च्या बफरमध्ये अमाइनसह रात्रभर. ट्रिस बफर नको, त्यात स्वतःच अमाइन आहे. ॲसिटेटही नको, त्यात कार्बोक्सिल आहे. ईडीसीची बाटली फ्रीजमधून काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. थंड बाटलीत दव धरतं आणि ईडीसी मरतं. ‘क्रिया होत नाही’ अशी तक्रार आली की पहिला संशय या बाटलीवर घ्यावा.

सेंद्रिय द्रावकात विरघळणाऱ्या नळ्या हव्यात तर: १०० मिग्रॅ पूर्ण वाळलेल्या नळ्या, २० मिलि थायोनिल क्लोराइड, १ मिलि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड), ७० °से., २४ तास. जास्तीचं थायोनिल क्लोराइड काढा, कोरड्या टीएचएफने (टेट्राहायड्रोफ्युरान) धुवा, मग १ ग्रॅम ऑक्टाडेसिलअमाइन घालून आर्गॉनखाली ९० ते १०० °से.ला ४ दिवस. शेवटी गरम इथेनॉलने धुवा. हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड निघतात, स्क्रबर हवाच.

एक नमुना ईडीसी किंवा थायोनिल क्लोराइड न घालता, बाकी सगळं तेच करून ठेवा. कार्बोक्सिल आणि अमाइन मिळून नुसतं मीठही (लवण) होतं, आणि तेही द्रावकात विरघळतं. या तुलनेच्या नमुन्याशिवाय अमाइड बंध झाला असं म्हणता येत नाही.

१५. ॲसिड न वापरता थेट भिंतीवर ग्रुप बसतात का?

बसतात. डायझोनियम पद्धत सगळ्यात उपयोगी. एकपदरी नळ्या ८ मिग्रॅ, ऑर्थो-डायक्लोरोबेंझिन १० मिलि, ५ मिलि ॲसिटोनायट्राइलमध्ये अंदाजे २.६ मिलिमोल पॅरा स्थानी ग्रुप असलेलं ॲनिलीन, ४ मिलिमोल आयसोअमाइल नायट्राइट, ६० °से., १५ तास. नायट्रोजन सुटतो, म्हणून भांडं घट्ट बंद करू नका. डायझोनियम मीठ क्रियेच्या भांड्यातच तयार होऊ द्या. कोरडं वेगळं काढलेलं मीठ, त्यातही क्लोराइड, स्फोटक ठरू शकतं. परिस्थिती सौम्य ठेवली तर धातूसारख्या नळ्या आधी क्रिया करतात, आणि त्यामुळे दोन प्रकार वेगळे करायलाही ही वाट वापरतात. आर्गॉनमध्ये ५०० °से. दिले की ग्रुप निघून भिंत बरीचशी पूर्ववत होते.

प्राटो क्रियेत एन-प्रतिस्थापित ग्लायसिन आणि पॅराफॉर्मल्डिहाइड, डीएमएफमध्ये १३० °से.ला ५ दिवस. वेळखाऊ, पण कार्बोक्सिलशिवाय अमाइन मिळवायची स्वच्छ पद्धत.

फ्लोरीन वायूची पद्धत १९९८ पासून माहीत आहे. ती खास सोयी असलेल्या लॅबपुरतीच.

१६. वाहकता टिकवून पाण्यात पसरवायच्या आहेत. साबण कोणता, किती?

एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट), एसडीबीएस (सोडियम डोडेसिलबेंझिन सल्फोनेट) किंवा सोडियम कोलेट, १ टक्का. १० मिलि द्रावणात १० मिग्रॅ नळ्या, प्रोब सॉनिकेटर बर्फात ठेवून थांबत थांबत ३० ते ६० मिनिटं. टोक साधारण १ सेंटिमीटर बुडालेलं असू द्या. वर राहिलं तर नुसता फेस होतो. नंतर सेंट्रिफ्यूज करून वरचा ८० टक्के भाग घ्या. जास्त सॉनिकेशनने नळ्या तुटतात आणि टायटॅनियमच्या टोकाचे कणही त्यात पडतात.

इथल्या दोन खास अडचणी. बोअरच्या कडक पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम एसडीएसचा साका करतात आणि नळ्या त्याबरोबर खाली बसतात. आणि डिस्पर्शन फ्रीजमध्ये ठेवलं की एसडीएसचे पांढरे स्फटिक पडतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली की साबण विरघळतो, पण नळ्या मधल्या काळात गुठळ्या झालेल्या असतात. खोलीतच ठेवा.

१७. एफटीआयआरमध्ये काहीच दिसत नाही.

नळ्या काळ्या आहेत, प्रकाश सगळा शोषतात. पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळीत नळ्या ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवा, २०० मिग्रॅला ०.२ मिग्रॅ. १७१० ते १७३५ मधला पट्टा कार्बोक्सिलचा. ३४०० चा रुंद पट्टा पावसाळ्यात पुरावा धरू नका, तो बहुधा ब्रोमाइडने ओढलेल्या पाण्याचा असतो. १७२० दिसलं तरी ते नळीवरचं की तुकड्यांवरचं, यासाठी प्रश्न १३.

१८. डी आणि जी बँडचं गुणोत्तर वाढलंच नाही. क्रिया फसली का?

एकपदरीत सहसंयुज जोड झाला तर ते स्पष्ट वाढतं. बहुपदरीत मूळचेच दोष बरेच असतात आणि आतले थर जसेच्या तसे राहतात, म्हणून बदल किरकोळ दिसू शकतो. उलट, ॲसिडाने काजळी निघून गेली तर गुणोत्तर कमीही होतं. लेझरची तरंगलांबी बदलली की आकडा बदलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या निबंधातल्या आकड्याशी तुलना करताना आधी लेझर पाहा. नमुन्याच्या किमान पाच-सहा जागांवर मोजून सरासरी घ्या. निर्णय टीजीए आणि एक्सपीएस (पृष्ठभागावरचे अणू ओळखणारी क्ष-किरण तपासणी) सोबत ठेवूनच करा.

१९. आमच्या टॉवेल-चादरीच्या कापडाला लेप देऊन वीजवाहक कापड होईल का?

सुती कापडावर हे होतं. स्टॅनफर्डच्या गटाने २०१० मध्ये सुती कापड एकपदरी नळ्यांच्या शाईत बुडवून वाहक केलं; शाईत मिलिलीटरला १.६ मिग्रॅ नळ्या आणि १० मिग्रॅ एसडीबीएस होतं.

पहिलं काम खळ काढण्याचं. मागावरून उतरलेल्या कापडात खळ आणि मेण असतं, शाई वरच राहते. अमायलेजने खळ काढा, सोड्याच्या उकळीत स्कावरिंग करा. आयोडिनचा थेंब टाकून निळा डाग पडला तर खळ शिल्लक आहे. पाण्याचा थेंब टाकताच जिरला तर कापड तयार.

मग बुडवा, पिळा, १२० °से.ला १० मिनिटं वाळवा, हवा तसा प्रतिरोध येईपर्यंत पुन्हा करा. शेवटी डीआय पाण्याने धुऊन साबण काढा. नळ्यांच्या मध्ये राहिलेला साबण विजेला अडवतो. हिशेब असा: ४०० जीएसएम (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) कापडाने स्वतःच्या वजनाइतकी शाई धरली आणि शाई मिलिलीटरला १ मिग्रॅची असेल, तर एका बुडीत चौरस मीटरला ०.४ ग्रॅम नळ्या बसतात. टेरीच्या फंदांत शाई असमान साठते, म्हणून साधं विणलेलं कापड किंवा थेट कोनवरचं सूत घ्या.

रंग काळाच येणार, जेकार्डची नक्षी झाकली जाणार. अंगावर घ्यायच्या चादरीत किंवा तोंड पुसायच्या टॉवेलमध्ये हे आणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घासून आणि धुण्यात नळ्या सुटतात. अँटिस्टॅटिक कापड, गाळणीचं कापड, संवेदक, अशा ठिकाणी याला अर्थ आहे.

२०. मे महिन्यात काम करताना काय बदलायचं?

खोली चाळिशीला पोचते तेव्हा डायएथिल ईथर, जे ३४.६ °से.ला उकळतं, बाटलीतच दाब धरून बसतं. त्या दिवसांत ते वापरूच नका. डायक्लोरोमिथेनचाही उत्कलनबिंदू ३९.६ °से. आहे. बाथ सॉनिकेटरचं पाणी तासाभरात तापतं, बर्फ बदलत राहा. मिश्र ॲसिड करायचं काम सकाळी आटपा.

२१. हाताळताना धोका कितपत? मास्क पुरतो का?

बहुपदरी नळ्यांच्या एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका विशिष्ट प्रकाराला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ या गटात, २बी मध्ये, टाकलं. बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा, म्हणून वर्गीकरण नाही. याचा अर्थ त्या सुरक्षित ठरल्या असा नव्हे. अमेरिकेच्या नायॉश या कामाच्या जागची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने श्वसनाची शिफारस मर्यादा दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

धोका मुख्यतः कोरड्या पुडीचा. वजन करताना छताचा पंखा बंद. आपल्या लॅबांत हेच हमखास विसरलं जातं. वजन हूडमध्ये किंवा ग्लोव्ह बॅगमध्ये, कमीत कमी एन-९५, शक्य असेल तर पी-१००, नायट्राइलचे दोन हातमोजे, पूर्ण बाह्यांचा कोट. सांडलं तर झाडू मारू नका, ओल्या कागदाने टिपून घ्या. शक्य तिथे सुरुवातीपासूनच ओल्या लगद्यावर काम करा, प्रश्न १२ मध्ये सांगितल्याप्रमाणे.

२२. उरलेला माल आणि धुण्याचं पाणी कुठे टाकायचं?

बेसिनमध्ये नाही. ॲसिडाचं धुणं सोड्याने हळूहळू उदासीन करा, फेस मावेल एवढं मोठं भांडं घ्या. करडं पाणी असेल तर त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घाला. प्रश्न १२ मध्ये जे कॅल्शियम नडत होतं तेच इथे कामी येतं, कार्बोक्सिल असलेल्या नळ्या खाली बसतात आणि वरचं पाणी स्वच्छ निथळतं. साबणातल्या डिस्पर्शनलाही हे लागू पडतं. गाळ, मेंब्रेन, टिपकागद, हातमोजे ओलसर असतानाच दुहेरी जाड पिशवीत बांधून ‘कार्बन नॅनोट्यूब’ असं लेबल लावा, आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या. उत्प्रेरकाची न धुतलेली पूड याच पिशवीत टाकू नका. तिच्यात पेट घेणारं लोखंड असू शकतं, ती पाण्याखाली वेगळ्या बरणीत ठेवा.